मसाल्याच्या कारखान्यात मालाचं वय सॉफ्टवेअरमध्ये चुकीचं दिसतंय. नवं सॉफ्टवेअर घ्यावं का?

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एजिंग रिपोर्ट (मालाचं वय सांगणारा अहवाल) मिरची 40 दिवसांची दाखवतो आणि थप्पीच्या तळाशी सहा महिन्यांपूर्वीची पोती निघतात, असं तुम्ही लिहिलंय. नवं सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका. मी कोल्हापूरकडच्या एका कांदा-लसूण मसाल्याच्या कारखान्यात 11 वर्षं स्टोअर सांभाळलंय आणि नेमकं हेच माझ्या हातून झालंय.

बॅच (एका वेळी आलेल्या किंवा बनलेल्या मालाला दिलेला वेगळा नंबर) लावलेली नसेल तर टॅली पोत्याचं वय मोजत नाही, आवकेच्या नोंदीचं मोजते. जुना माल आधी गेला असं ती गृहीत धरते. समजा मार्चमध्ये 100 पोती आली, जूनमध्ये आणखी 100, आणि आजवर 100 दळली. रिपोर्ट म्हणणार, उरलेली सगळी जूनची. पण जूनची पोती दाराजवळ लागली होती आणि हमालाने हाताशी आलेली उचलली. म्हणजे गोदामात उरली ती मार्चची. नोंदीत चूक काहीच नाही, तरी वय तीन महिन्यांनी चुकलं. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला स्टॉक एजिंग रिपोर्टही फिफोच, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असंच धरतो, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलून हा घोळ सुटत नाही.

उपाय तुमच्या टॅलीतच आहे. एफ 11 दाबून उघडणाऱ्या सेटिंगमध्ये बॅच आणि एक्स्पायरी चालू करा, मग प्रत्येक आयटमला ‘मेंटेन इन बॅचेस’, उत्पादन तारीख आणि एक्स्पायरी हे तिन्ही ‘यस’ करा. एक्स्पायरीला तारीखच टाकावी लागते असं नाही. ‘6 मंथ्स’ लिहिलं तरी ती तारीख काढते. एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. घाईत एंटर दाबत गेलं की माल ‘प्रायमरी बॅच’मध्ये जाऊन बसतो. आमच्याकडे पहिले दोन महिने जवळपास सगळी आवक तिथेच जमा झाली होती आणि आम्ही बॅच चालू केल्याच्या समाधानात होतो. महिन्याला एकदा प्रायमरी बॅचची शिल्लक बघा, ती शून्य हवी.

आता वय कुठून मोजायचं? खरेदीच्या तारखेपासून मोजलं तर फसाल. ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्याकडून घेतलेली ब्याडगी मिरची ही बहुधा त्याच वर्षीच्या उन्हाळ्याआधीच्या तोडणीची, मधले महिने ती कोल्ड स्टोरेजमध्ये होती. तुमच्या नोंदीत ती शून्य दिवसांची, पण बाहेर काढून साध्या गोदामात ठेवली की रंग भराभर उतरतो. म्हणून मी उत्पादन तारखेच्या रकान्यात तोडणीचा महिना भरायचो आणि कोल्ड स्टोरेजमधून आणलेला माल वेगळ्या गोडाऊनला दाखवायचो. व्यापाऱ्याला तोडणीचा महिना विचारला की तो सांगतो, विचारायची सवय मात्र आपल्याला लावावी लागते.

याहून अवघड भाग दळपाचा. आठ महिन्यांची मिरची आज दळली की मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये (टॅलीतली उत्पादनाची नोंद) तयार मसाल्याचं वय शून्य होतं. पाकिटावर उत्पादन तारीख त्या दिवसाचीच जाईल, ते ठीक. पण आत कुठल्या बॅचची मिरची आणि कुठल्या बॅचचं खोबरं गेलं हे त्या जर्नलमध्ये निवडलेलं असायलाच हवं. आमचा एक घाणा, म्हणजे एका वेळी दळलेला मसाला, पाकिटावरच्या मुदतीच्या कितीतरी आधी खवट झाला. मिरची ताजी होती, धने ताजे होते, खोबरं जुनं निघालं. कुठल्या घाण्यांत ते खोबरं गेलंय हे नोंदीत नव्हतं, म्हणून त्या महिन्याचा सगळा माल परत बोलवावा लागला. तेव्हापासून मी मसाल्याचं वय त्यातल्या सर्वांत नाजूक घटकाच्या वयावरूनच धरतो. परत आलेली पाकिटंही मूळ बॅचवरच आत घ्या. नवी बॅच दिलीत तर जुना माल कागदावर पुन्हा ताजा होतो.

तयार मालासाठी वयापेक्षा उरलेली मुदत बघा. ऑनलाइन विकत असाल तर एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की ग्राहकाच्या हातात पडताना मालाची किमान 30 टक्के किंवा 45 दिवस मुदत शिल्लक असावी. शिवाय डिसेंबर 2024 मध्ये परवानाधारक उत्पादकांना मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाची माहिती दर तिमाहीला फॉसकॉस या त्यांच्या परवान्याच्या पोर्टलवर द्यायला सांगितलंय. बॅचनिहाय नोंद असेल तर ती तासाभरात निघते.

हे सगळं गोदामात उतरायचं असेल तर बॅच नंबर पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला हवा. प्रत्येक थप्पीला पाटी लावा, थप्प्यांमध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडा आणि इश्यू स्लिपवर (गोदामातून माल दिल्याची चिठ्ठी) बॅच नंबर पोतं उचलणाऱ्यालाच लिहू द्या. संध्याकाळी ऑफिसात बसून अंदाजाने भरलेली बॅच ही बॅच न लावण्यासारखीच. याची शिस्त बसायला आम्हाला पाच-सहा महिने लागले.

जुन्या शिलकेचं काय, हा प्रश्न येईलच. एक दिवस दळप बंद ठेवून मोजणी करा. ज्या पोत्यांचं वय कुणालाच सांगता येत नाही त्यांना एक वेगळी बॅच द्या, वास आणि रंग तपासा, चांगली असतील ती सगळ्यांआधी वापरा. सुरुवात खोबऱ्यापासून करा. पावसाळ्यात आधी तेच खवट होतं.