भंगारातला स्मोकर: आधी लोखंडाची चौकशी, मग वेल्डिंग

मागच्या अंकात मी भंगारातल्या लोखंडापासून घरी स्मोकर बनवता येतो असं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेते. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर एका बाजूला जाळाची पेटी, तिला जोडलेलं मोठं नळकांडं आणि दुसऱ्या टोकाला चिमणी. जाळ पेटीतच राहतो. नळकांड्यात जातो तो फक्त गरम धूर, आणि त्यावर मांस कित्येक तास हळूहळू शिजतं.

ताई, माझ्याकडे २०० लिटरचा एक जुना ड्रम, जीआय पत्र्याचे तुकडे आणि जाड पाइपचा मोठा तुकडा पडून आहे. यातलं काय वापरू?

पाइप घ्या. साध्या एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद), ६ मिमी जाडीचा असेल तर याहून चांगला माल भंगारात मिळत नाही. वरवरच्या गंजाची काळजी नको, तारेच्या ब्रशने तो निघतो. हातोडी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर पाइप ठीक आहे. बद्द आवाज येऊन पोपडे सुटत असतील तर तो भाग कापून टाका.

जीआय पत्रा या कामातून पूर्ण बाद. त्यावर जस्ताचा थर असतो आणि जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. जाळाच्या पेटीत तेवढी उष्णता सहज होते. वेल्डिंग करताना तर हे जस्त पांढऱ्या धुराच्या रूपात थेट छातीत जातं. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत आहे. पत्र्यावर स्फटिकांसारखी नक्षी दिसली तर तो जीआय, पण प्रत्येक जीआयवर ती नक्षी दिसतेच असं नाही. एकसारखा चकचकीत मुलामा असलेले नट, बोल्ट आणि बिजागऱ्याही आतल्या बाजूला लावू नका.

ड्रमबद्दल माझा पहिला प्रश्न एकच: त्यात पूर्वी काय होतं? तुम्हाला किंवा विकणाऱ्याला हे खात्रीने सांगता येत नसेल तर तो ड्रम परत करा. कीटकनाशक, सॉल्व्हंट, रंग, इंधन यांचे ड्रम धुऊन चालतील असं समजू नका. बंद तोंडाचा ड्रम रिकामा म्हणून ग्राइंडरने कापायला घेणं तर जिवावरचं काम आहे. द्रव संपला तरी शिवणीत अडकलेल्या उरल्यासुरल्या थेंबांची वाफ हवेत मिसळते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या ड्रमपेक्षा असा ‘रिकामा’ ड्रम जास्त घातक असतो, कारण वाफेला पेटायला लागणारी हवा त्यात असते.

घ्यायचाच असेल तर खाद्यपदार्थांसाठी वापरलेला, पूर्ण झाकण निघणारा ड्रम घ्या. त्याच्या आतूनही बहुधा तांबूस किंवा पिवळसर लेप असतो. मोकळ्या जागेत, वारा पाठीवर येईल असं उभं राहून, आत मोठा जाळ करून तो लेप पूर्ण जाळायचा आणि उघडा करडा पत्रा दिसेपर्यंत घासायचा. शिवाय ड्रमचा पत्रा जेमतेम १ मिमीच्या आसपास असतो. निखारे थेट त्याच्यावर ठेवू नका, जाळीच्या टोपलीत ठेवून ती पायांवर उचला.

गॅसचा जुना सिलिंडर कापून स्मोकर करतात, ते कसं करायचं?

करू नका. आकार सोयीचा आहे हे मान्य, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून महिने झाले तरी आत गॅस नाही याची खात्री डोळ्यांनी किंवा नाकाने होत नाही. शिवाय असा सिलिंडर बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचा असतो. कापण्याची पद्धत मी इथे सांगणार नाही.

पाडलेल्या बांधकामातले अँगल आणि प्लेट मिळाल्या आहेत. त्यांवर शेंदरी रंगाचा जुना थर आहे. घासून वापरू का? दाराची फट बुजवायला एका जुन्या बॉयलरची दोरीही मिळाली आहे.

तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त काळजी लावली. जुन्या बांधकामाच्या लोखंडावरचा तो शेंदरी थर शिशाच्या प्रायमरचा असू शकतो. ग्राइंडर लावलात की शिशाची धूळ उडेल, कपड्यांबरोबर घरात जाईल आणि लहान मुलांना तिचा सगळ्यात जास्त त्रास होईल. तपासून घेतल्याशिवाय त्याला ग्राइंडर, गॅस कटर किंवा वेल्डिंग काहीही लावू नका. उघडा पत्रा मिळत असताना हा सोस कशाला?

दोरी तर हलवूही नका. जुन्या बॉयलरच्या दोऱ्या आणि वेष्टणं अॅस्बेस्टॉसची असायची. ती झटकली की तंतू हवेत जातात, दिसत नाहीत आणि फुप्फुसात कायमचे रुततात. आहे तशी ठेवा आणि विल्हेवाटीची चौकशी अधिकृत ठिकाणी करा. दाराला नवी काचतंतूची दोरी लावा. फ्रिजच्या जुन्या जाळ्याही शेगडीसाठी नकोत, त्यांवर कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा असू शकतो. साधी एमएस किंवा एसएसची (स्टेनलेस स्टीलची) जाळी विकत घ्या. सगळ्या स्मोकरमध्ये नवीन घ्यायची वस्तू कोणती असं विचाराल तर जाळी, कारण मांस तिच्यावर असतं.

पाइपमधून दार कापलं, पण कापताच ते उमललं. आता बसतच नाही.

पाइपच्या पोलादात बनवतानाचा ताण अडकलेला असतो. कापलं की तो मोकळा होतो आणि तुकडा आपला बाक बदलतो. म्हणून दार एका दमात कापायचं नसतं. चारही बाजू कापा, पण प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन सेंटिमीटर न कापलेलं ठेवा. दार अजून पाइपलाच धरून आहे तेव्हाच बिजागऱ्या वेल्ड करा. मग कापलेल्या रेषेवर २५ मिमीची फ्लॅट पट्टी बसवा, अर्धी दारावर आणि अर्धी बाहेर. वेल्डिंग फक्त दाराच्या बाजूला. पट्टीमुळे फटही झाकते आणि दाराचा बाकही धरून राहतो. त्यानंतर कोपरे कापा आणि शेवटी तिथल्या पट्ट्या जोडा.

वेल्डिंग सलग ओढू नका. इंचभर टाका इकडे, इंचभर तिकडे, मध्ये थंड होऊ द्या. घाई झाली की पट्टीच दाराला खेचते.

तुमचं उमललेलं दार वाया गेलेलं नाही. ते पाइपवर ठेवून क्लॅम्पने किंवा साखळीने आवळा, बाक जुळला की तसंच आवळलेल्या अवस्थेत पट्ट्या मारा. जाळाच्या पेटीच्या दाराला मात्र सैल फट हवी. लोखंड मीटरला दर १०० अंशांमागे सुमारे १.२ मिमी वाढतं. पेटीचं ३० सेंमीचं दार ५०० अंशांपर्यंत तापलं तर जवळजवळ २ मिमी फुगतं. थंड असताना घट्ट बसवलेलं दार गरम झाल्यावर उघडणार नाही.

स्मोकर तयार झाला, पण दाट पांढरा धूर येतो आणि मांस कडू लागतं. चिमणीची झडप बंद करून बघितली, फरक नाही.

झडप बंद केल्याने कडूपणा वाढलाच असेल. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुमसतंय. त्यातली डांबरासारखी द्रव्यं थंड मांसावर बसतात. पेटवताना थोडा वेळ असा धूर येणारच, तेव्हा मांस आत ठेवू नका. पुढे धूर विरळ आणि निळसर व्हायला हवा, इतका की चटकन दिसू नये.

चिमणी पूर्ण उघडी ठेवा आणि आच पेटीत हवा येण्याच्या तोंडाने सांभाळा. जाळ छोटा पण पेटता हवा. मनगटाएवढ्या फाकी, पूर्ण वाळलेल्या, एकेक करून घाला. पुढची फाक पेटीवर ठेवून तापवली तर टाकताच पेट घेते. राळ असलेलं, रंग दिलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड अजिबात नको.

तरीही जाळाचा श्वास कोंडत असेल तर स्मोकरची मापं बघा. ५० सेंमी व्यासाचं, मीटरभर लांबीचं नळकांडं जवळपास २०० लिटरचं होतं. त्याला साधारण एक तृतीयांश, म्हणजे ४० सेंमीची चौकोनी पेटी पुरते. चिमणी १२ सेंमी व्यासाची घ्या आणि पेटी ते नळकांडं हे भोक चिमणीच्या छेदाच्या दीड-दोन पट ठेवा. बहुतेक वेळा हे भोकच लहान कापलेलं असतं. पेटीत लाकूड तळावर न ठेवता सात-आठ सेंमी उंच जाळीवर ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. तापमान मांसाच्या पातळीवर मोजा, झाकणावरचा काटा वेगळंच सांगतो. ११० ते १२० अंश सेल्सिअस बरोबर.

आतून कोणता रंग द्यावा?

कोणताच नाही. खाण्याच्या तेलाचा पातळ हात देऊन दोन-तीन तास जाळ करा, काळा थर धरेल. बाहेरून नळकांड्याला उष्णता सोसणारा रंग चालतो. पेटीवर कोणताही रंग फार टिकत नाही, तिथेही तेलच लावा. तळाला थोडा उतार ठेवून चरबी गळायला भोक पाडा, नाहीतर साचलेली चरबी पेटेल. अशा ६ मिमीच्या नळकांड्याचं वजन ९० किलोच्या आसपास जातं, तेव्हा पाय आणि चाकं त्या हिशेबाने घ्या. आणि पाऊस असला तरी स्मोकर छपराखाली बंद जागेत आणू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.