क्लायंट पैसे देत नाही: आधी कबुली मिळवा, मग तगादा लावा

तुमची अडचण थोडक्यात अशी: आठ लेख लिहून दिले, क्लायंटने ‘मस्त झालेत’ म्हणून मंजूर केले, पाच त्यांच्या साइटवर लागलेही. करार नाही, सगळं मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. तीन महिने झाले तरी पैशांचं नाव नाही आणि आता ते म्हणतात, अजून दोन लेख द्या, सगळं एकदम क्लिअर करू.

ते दोन लेख देऊ नका. बाकीचं सावकाश ठरवता येईल, पण हे आजच ठरवा. आठ लेखांचे पैसे बुडतील या भीतीपोटी माणूस नववा लिहायला बसतो आणि थकवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. नकार देताना आवाज चढवायची गरज नाही. ‘पुढचे लेख लिहायला आवडतील, मागच्या इनव्हॉइसची रक्कम जमा झाली की लगेच सुरुवात करते,’ एवढं पुरे. यावर ते चिडले, तर नवव्या-दहाव्याचेही पैसे आले नसते असं समजा.

करार नाही म्हणून हातपाय गाळू नका. सही-शिक्क्याचा कागद नसला तरी काम मागितल्याचा मेल, दर ठरल्याचा मेसेज, लेख पाठवल्याची तारीख आणि ‘मस्त झालेत’ हे उत्तर एकत्र ठेवलं की व्यवहार सिद्ध करायला बहुतेक ठिकाणी ते चालतं. मात्र हे सगळं तुमच्या ताब्यात हवं. लेख क्लायंटच्या गूगल डॉकमध्ये लिहिले असतील तर ते कधीही तुमचा अ‍ॅक्सेस काढू शकतात आणि त्याबरोबर त्यांच्या कॉमेंट्स आणि मंजुरीही जाते. म्हणून वाद वाढायच्या आत डॉक उतरवून घ्या, कॉमेंट्सचे स्क्रीनशॉट काढा, व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एक्स्पोर्ट करा (मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू आहे का तेही बघा). लागलेल्या पाच लेखांची पानं वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) जतन करा. नोटीस गेल्यावर लेख गुपचूप उतरवून ‘आम्ही ते वापरलेच नाहीत’ म्हणणारेही असतात.

आता मुख्य मुद्दा. ‘पैसे कधी देताय?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘बघतो’ एवढंच उत्तर येतं आणि ते कशाच्याच कामाचं नसतं. त्याऐवजी मेल लिहा: अमुक क्रमांकाचा इनव्हॉइस, अमुक रक्कम, अमुक तारखेला देय, आठही लेख आपण मंजूर केले आहेत, रकमेत किंवा तपशिलात काही चूक असल्यास कळवा. यावर ‘नाही, बरोबर आहे, पुढच्या आठवड्यात करतो’ असं उत्तर आलं तर पुढचा आठवडा फुकट गेला तरी तुमचं काम झालं. प्रकरण तापलं की क्लायंटचा पहिला बचाव ठरलेला असतो: लेखांचा दर्जा बरोबर नव्हता. स्वतःच्या हाताने रक्कम मान्य केल्यावर तो बचाव लंगडा पडतो.

या कबुलीचा दुसरा उपयोग फार कमी लोक लक्षात घेतात. थकलेल्या पैशांसाठी कोर्टात जायला मुदत असते. भारतात साधारण ३ वर्षं, इंग्लंडमध्ये ६. त्या मुदतीत समोरच्याने देणं लेखी आणि सहीनिशी मान्य केलं तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. भारतात १९६३च्या मुदत कायद्यात तशी सरळ तरतूदच आहे. त्यामुळे ही कबुली फोनवर न घेता मेलवर घ्या. फोन आलाच, तर ठेवल्याबरोबर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ठरलेलं सगळं मेलने कळवा.

मेल कुणाला पाठवायचा, हेही बघा. तुमच्याशी गोड बोलणाऱ्या संपादकाच्या किंवा मार्केटिंगवाल्याच्या हातात तिजोरीची किल्ली नसते. कितीतरी बिलं लबाडीने अडलेली नसतात. व्हेंडर (पुरवठादार) म्हणून नोंदणी झालेली नसते, पीओ नंबर (खरेदी-आदेशाचा क्रमांक) टाकायचा राहतो, बँकेचा तपशील चुकतो. अकाउंट्समध्ये बिल पोचलं का, कुणाच्या टेबलावर आहे, पेमेंटची फेरी कधी असते, हे सरळ विचारा. मध्ये एजन्सी असेल तर ‘आमच्याच क्लायंटने दिले नाहीत’ हे ऐकायला मिळेल. तुमचा व्यवहार एजन्सीशी आहे. ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला’ असं तुम्ही आधी मान्य केलं नसेल, तर तो त्यांचा प्रश्न.

एवढं करूनही शांतता असेल तर शेवटचं पत्र: रक्कम, तारीख आणि त्या तारखेनंतर तुम्ही काय करणार. जे खरंच करणार असाल तेवढंच लिहा. पोलिसांची धमकी देऊ नका, बिल थकणं हा एरवी दिवाणी मामला असतो. त्याऐवजी लागू होणाऱ्या कायद्याचं नाव घ्या, त्याचा परिणाम वेगळाच होतो. ब्रिटनच्या १९९८च्या कायद्याने व्यावसायिक थकबाकीवर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं. न्यूयॉर्क शहरात २०१७पासून फ्रीलान्सरांसाठी वेगळा कायदा आहे: तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. याचा फायदा हवा तर उद्यम नोंदणी (या कायद्याखाली सरकारकडे होणारी उद्योगाची नोंद) काम देण्याआधीची असलेली बरी, मागाहून केलेल्या नोंदणीवरून वाद होतात.

लागलेल्या पाच लेखांचं काय? नोकरीत नसलेल्या लेखकाचा कॉपीराइट भारतात आणि अमेरिकेतही लेखी हस्तांतर झाल्याशिवाय सहसा क्लायंटकडे जात नाही. पण उत्साहाच्या भरात होस्टिंग कंपनीला लेख उतरवायची नोटीस पाठवू नका. तुम्ही स्वतःहून छापायला लेख दिले, म्हणजे वापराची परवानगी गृहीत होती, असं क्लायंट म्हणू शकतो, आणि अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यात जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यावर नुकसानभरपाई बसू शकते. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य पहिल्या मेलमध्ये असतं तर ही नोटीस दणकट झाली असती. पुढच्या क्लायंटपासून ते टाकाच. न छापलेले तीन लेख मात्र अजून तुमच्या हातात आहेत. अमुक तारखेपर्यंत पैसे न आल्यास त्यांची परवानगी मागे घेत आहे असं लेखी कळवा आणि ती तारीख उलटल्याशिवाय ते दुसरीकडे देऊ नका.

सोशल मीडियावर नाव घेऊन झोडपण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. मी तो देणार नाही. एकदा अब्रू गेल्यावर पैसे द्यायला त्यांच्याकडे कारण उरत नाही, वर बदनामीच्या दाव्याची डोकेदुखी तुमच्या मागे. ओळखीच्या लेखकांना खासगीत सावध करा, ते तर करायलाच हवं.

पुढच्या वेळी नव्या क्लायंटकडून निम्मा अ‍ॅडव्हान्स घ्या. नाही म्हणाले तर एकच लेख द्या आणि त्याचे पैसे आल्यावर दुसरा. ‘प्रकाशित झाल्यावर पैसे’ ही अट मान्य करू नका, लेख छापायचा की कपाटात ठेवायचा हे तुमच्या हातात नसतं. मंजुरीपासून दिवस मोजा.

शेवटच्या पत्रानंतर ते बहुधा घासाघीस करतील: सत्तर टक्के घ्या आणि मिटवा. रक्कम कोर्टकचेरीच्या खर्चाच्या आणि मनस्तापाच्या मानाने लहान असेल तर मी घेईन, पण त्या बदल्यात छापलेल्या पाचच लेखांचे हक्क देईन आणि उरलेले तीन परत घेईन. हप्ते मागितले तर तारखा त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या, आणि एक हप्ता चुकला तर सवलत रद्द होऊन मूळ रक्कम देय राहील हेही त्याच मेलमध्ये येऊ द्या. ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द असलेली पावती ते आधीच मागतील. ती ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट बघून देऊ नका, शेवटचा हप्ता खात्यात दिसल्यावर द्या.