पेट्रोल कमी पडतंय? पंपाआधी पाइप बघा

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी. बोअर करून पिस्टन बदलले, हेड घासलं, वेबर कंपनीचा ३२/३६ कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवला. शहरात झकास पळते. कसारा घाट चढताना मात्र मिनिटभरात झटके मारायला लागते. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा नीट. मेकॅनिक म्हणतो, मोठा इलेक्ट्रिक पंप टाका. टाकू का? (नाशिक)

उत्तर : इतक्यात नको, आधी हिशेब करू. १०८९ सीसीच्या या इंजिनातून एवढ्या कामानंतर फार तर ६० हॉर्सपॉवर मिळत असेल. पूर्ण ताकदीवर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.३ लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे तासाला १८ लिटर, मिनिटाला ३०० मिली. कॅमशाफ्टवर चालणारा मूळ डायफ्रॅम पंप धड असेल, तर एवढं सहज देतो.

तुमचं लक्षण फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी, रिकामा होण्याचंच आहे, पण माझा संशय टाकी ते पंप या भागावर आहे. पुढच्या वेळी घाटात झटके सुरू झाले की गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल, तर टाकीतली जाळी काढून बघा. जुन्या टाकीचा गंज तिथेच साठतो. मग रबरी होज.

अशीच एक पद्मिनी माझ्याकडे आली होती, दोन पंप बदलून झालेली. टाकीजवळचा वीतभर होज बाहेरून अगदी नवा दिसत होता. उभा चिरला, तर आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू फुंकलं तर हवा आरपार जायची. पंपाने जोरात ओढलं की ती जीभ वाट अडवून बसायची. शहरात ते कळणार कसं?

हे सगळं नीट करूनही घाटात अडलीच, तर पंपाचा विचार करा.

प्रश्न : माझ्या कार्ब्युरेटरच्या गाडीला फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसवला. आता कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो, डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतो. (कोल्हापूर)

उत्तर : गाडी अजिबात चालू करू नका. तो पंप ४० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास दाब देतो. कार्ब्युरेटरला ३ पुरतात. फ्लोटच्या आधारावर बसणारी ती छोटी सुई एवढ्या दाबापुढे उघडीच राहते आणि पेट्रोल सिलिंडरमधून थेट ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि गरम मॅनिफोल्डवर सांडलेलं पेट्रोल गाडी पेटवतं. ऑइल, फिल्टर दोन्ही बदला. ३-४ पीएसआयचा पंप घ्या, रेग्युलेटर लावा आणि दाब गेज जोडून मोजा, अंदाजाने नको.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलावे का? (पुणे)

उत्तर : हो, पण आधी रबर बदला. इथेनॉलने जुने होज, डायफ्रॅम फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल चालणारे म्हणून विकले जाणारेच घ्या. जेटचं म्हणाल, तर साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५. त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. मेन जेट एकेक पायरी वाढवत जा आणि प्रत्येक वेळी प्लगचा रंग बघा. पांढराफटक असेल तर अजून वाढवा, काजळी धरली असेल तर मागे या.

प्रश्न : इलेक्ट्रिक पंपाची वायर थेट इग्निशनवर दिली तर? (पणजी)

उत्तर : नका देऊ. अपघातात इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली, तर तुटलेल्या पाइपातून पंप पेट्रोल ओतत राहतो. पंपाला रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) आणि फ्यूज द्या, तो रिले ऑइल प्रेशर स्विचवरून चालवा. इंजिन थांबून ऑइलचा दाब पडला की पंपही थांबतो. सुरू करताना दाब नसतो, म्हणून स्टार्टरकडून वेगळी वायर त्याच रिलेला आणा. आणि पंप टाकीजवळ, पेट्रोलच्या पातळीखाली बसवा. हे पंप ढकलतात छान, ओढताना दमतात.