साठेक पेनं घरातल्याच डब्या-बरण्यांत कशी ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की साठेक पेनं एकाच खणात एकमेकांवर पडून त्यांना ओरखडे येतायत. त्यांत शाईची जास्त, काही फार जुनी, बाकी बॉल आणि जेल. विकतची पेटी नको, घरातले डबेच वापरायचेत, आणि पेनं दिसायलाही हवीत. जमेल सगळं. फक्त डबे शोधायला उठण्याआधी पेनं टेबलावर मांडून त्यांचे ढीग करा. कुठलं पेन कुठे जाणार हे त्यात शाई आहे का आणि ते कशाचं बनलंय यावर ठरतं. डबा किती देखणा आहे ते नंतर बघू.

शाई भरलेली फाउंटन पेनं उभी, निब वर. निब खाली राहिली की शाई फीडमधून (निबखालच्या, शाई वाहून आणणाऱ्या पट्टीतून) टोपणात उतरते आणि उघडताना बोटं रंगतात. आडवी ठेवलीत तरी चालतं. बॉल आणि जेलचं नेमकं उलटं: टोक वर करून महिनोन्‌महिने ठेवलं की शाई मागे सरकते, टोकाशी हवा शिरते आणि रिफिल भरलेली दिसत असूनही पेन उमटत नाही. म्हणून ती आडवी किंवा टोक खाली. दोन्ही टोकांनी लिहिणारी मार्कर कायम आडवी.

जी फाउंटन पेनं लवकर वापरणार नाही ती रिकामी करूनच ठेवा. साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी नको, त्याने एबोनाइटचा, म्हणजे जुन्या पेनांतल्या कडक रबराचा, काळा रंग तपकिरी पडतो. पाणी स्वच्छ यायला लागलं की टिपकागद घातलेल्या पेल्यात निब खाली करून रात्रभर उभं करा आणि पुढचा एक दिवस टोपण न लावता मोकळं राहू द्या. फीडच्या बारीक खाचांत पाणी अडकून बसतं. तसंच डब्यात घातलं तर स्टीलच्या निबला गंज धरतो, आत बुरशीही येते.

जुन्या पेनांच्या बाबतीत मात्र घाई करू नका. 1924 मध्ये शेफर या अमेरिकी कंपनीने सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, पेनं बाजारात आणली. त्याआधीची बहुतेक पेनं एबोनाइटची. अंगठ्याने घासून पेन गरम केलं आणि गंधकाचा वास आला तर एबोनाइट. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. एबोनाइटला उजेड आणि दमट हवा नको. सेल्युलॉइडला कोंडून ठेवणं नको, कारण त्यातून सतत आम्लधर्मी वायू थोडा थोडा सुटत असतो. हवाबंद डब्यात तो साठतो आणि त्याच पेनाला, शिवाय शेजारच्या पेनांच्या धातूला खातो. नाकाला झोंबणारा वास, अंगात जाळीदार तडे, क्लिपवर हिरवट थर यांपैकी काहीही दिसलं की ते पेन त्याच दिवशी वेगळं काढा. आत रबरी पिशवी असलेली जुनी पेनंही फिकट रंगाच्या सेल्युलॉइडजवळ ठेवू नका. रबरातल्या गंधकाने हिरवं, मोतिया असं अंग काळवंडतं. थोडक्यात, स्वयंपाकघरात रबरी कडेचं घट्ट झाकण हा डब्याचा गुण असेल, इथे तो दोष आहे.

आता डबे. आडव्या पेनांसाठी बिस्किटाचा चौकोनी पत्र्याचा डबा मला सगळ्यांत पसंत आहे: झाकण बसतं पण हवा थोडी खेळते, आणि आत पूर्ण अंधार. समजा आतून 220 गुणिले 160 मिमी आहे आणि खोली 70. टोपण लावलेलं पेन साधारण 130 ते 150 मिमी लांब आणि 12 ते 15 मिमी जाड असतं, त्यामुळे एका पेनाला 20 मिमी जागा धरा. म्हणजे एका थरात 11, दोन थरांत 22. जाडजूड पेनं जास्त असतील तर 25 मिमी धरा आणि आठांवर समाधान माना.

तळासाठी 3 मिमी जाड पुठ्ठा डब्यापेक्षा सगळीकडून 2 मिमी लहान कापा. त्यावर 6 मिमी जाडीच्या, 150 मिमी लांबीच्या 10 गोल काड्या 20 मिमी अंतराने चिकटवा. वर धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड. रंगीत असेल तर आधी ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग सुटला तर ते नको. कापड रुंदीच्या दीडपट अधिक 4 सेंमी लागतं, म्हणजे इथे 37 सेंमी, कारण प्रत्येक काडीवर चढून उतरायला त्याला जवळजवळ 16 मिमी लागतात. चुकतं ते इथेच: कापड दोन्ही कडांना आधी चिकटवलं की ते काड्यांवर ताणून बसतं, खाचा गायब होतात आणि पेनं गडगडतात. एका कडेपासून सुरुवात करा, खाचेत गोंदाची बारीक रेघ, पट्टीच्या धारेने कापड तळाशी दाबा, मग पुढची खाच. लाकडाचा पांढरा गोंद वापरा आणि झाकण उघडं ठेवून दोन दिवस सुकू द्या. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ चकचकीत प्लॅस्टिकवर पांढरी धुरकट साय धरते. ती पुसून जात नाही.

वरच्या थरासाठी असाच दुसरा पुठ्ठा करा, त्याला चार कोपऱ्यांत 30 मिमी उंचीचे पुठ्ठ्याचे खांब द्या आणि तो उचलायला दोन कडांना नाडीचे फास लावा. फास नसले की लोक डबा उलटा करतात. पेनं क्लिप वर करून ठेवा.

उभ्या पेनांना काचेची रुंद तोंडाची बरणी. पेनाची दोन तृतीयांश उंची पुरे, म्हणजे 90 ते 100 मिमी. नुसती बरणी मात्र पेनं एकमेकांवर रेलवते आणि ओरखड्यांचं दुखणं तसंच राहतं. 80 मिमी तोंडाच्या बरणीसाठी जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा. मध्यावर एक भोक, त्याभोवती 25 मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर सहा, प्रत्येक 16 मिमी. वर्तुळाची त्रिज्या परकारात तशीच ठेवून परिघावर सहा खुणा करत गेलात की अंतर आपोआप सारखं येतं. एक चकती तोंडाशी, दुसरी तळापासून 30 मिमी वर, तळाला कापडाची घडी. क्लिप वरच्या चकतीच्या वर राहते, म्हणून भोक क्लिपसाठी मोठं करायची गरज नाही. प्लॅस्टिकचा हलका पेला वापरू नका. सात पेनं वर जड झाली की तो कलंडतो.

खणात चमच्यांचा ट्रे छान बसतो, पण त्याचे कप्पे पेनापेक्षा बरेच लांब असतात आणि खण ओढला-ढकलला की प्रत्येक पेन पुढे-मागे आदळतं. उरलेल्या लांबीत कापडाची घट्ट घडी कोंबा. चष्म्याच्या कडक डबीत दोन पेनं राहतात. ती प्रवासाला ठेवा.

एक वस्तू कुठेही नको: मऊ, चिकटसर, पारदर्शक प्लॅस्टिकचे पाऊच. खोडरबर आणि प्लॅस्टिकची पट्टी एकत्र पडून राहिली की पट्टीवर खोडरबराचा ठसा वितळल्यासारखा उमटतो, तो पाहिलाच असेल. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमधलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे ते मऊ ठेवणारं रसायन, बाहेर झिरपून दुसऱ्या प्लॅस्टिकला मऊ करतं, आणि पाऊच पेनाला तेच करतो. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 आकडा असेल तर बिनधास्त वापरा. 3 असेल तर ते पीव्हीसी, म्हणून नको. रबरबँड आणि पॅकिंगचा स्पंजही टाळा. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. स्पंज काही वर्षांनी भुगा होऊन चिकटतो.

दाखवायला खोल फोटोफ्रेम घ्या, आत निदान 30 मिमी मोकळी. मागच्या फळीला कापड, प्रत्येक पेनाला सुती नाडीचे दोन फास, एक टोपणाखाली आणि एक शेपटाकडे. इलॅस्टिक नको, त्यातही रबर असतं. फळीला वर आणि खाली 5 मिमीची दोन भोकं पाडा म्हणजे हवा फिरेल. यात रिकामी, धुतलेली, नव्या प्लॅस्टिकची किंवा धातूची पेनंच लावा, आणि फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर नको. काच सगळा अपायकारक उजेड अडवत नाही. एबोनाइटची पेनं अंधाऱ्या डब्यातच राहू द्या. कुणाला दाखवायचंच असेल तर थर उचलून टेबलावर ठेवा.