मुलीचे गोल आणि वडिलांची वसुली

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. मुलगी अकरावीत आहे आणि आठ वर्षांपासून क्लबमध्ये सॉकर खेळते. ती स्ट्रायकर असून गेल्या हंगामात तिने 23 गोल केले. क्लबची फी, प्रवास आणि हॉटेल यांवर आजवर 40 हजार डॉलरहून अधिक खर्च झाला आहे. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खेळांतल्या सर्वांत वरच्या गटात, पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर तो वसूल होईल, म्हणून मी तिच्या नावाने खाते उघडून कॉलेजांच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले. उत्तरादाखल फक्त कॅम्पची निमंत्रणे आली. तिला मात्र डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटातल्या एका लहान कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकायचे आहे. हल्ली गुडघा दुखतो म्हणते, पण सामना असला की खेळते, त्यामुळे ती टाळाटाळ असावी. तिची समजूत कशी घालावी?

उत्तर : गुडघ्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. सॉकर खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातले एसीएल हे लिगामेंट फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त असते, आणि शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला साधारणपणे नऊ महिने ते वर्ष लागते. दुखणारा प्रत्येक गुडघा त्याच वाटेने जातो असे नाही. परंतु ते ठरवण्याचे काम क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांचे आहे, तुमचे किंवा माझे नाही. सामना असला की ती खेळते, यावरून तिचे दुखणे खोटे ठरत नाही. घरात तिच्या खेळाचा जमाखर्च मांडला जात असताना सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला 'आज मी बसते' असे म्हणण्याची सोय उरते का, याचा आधी विचार करा. तिचे गोल तुम्हाला पाठ आहेत, पण कोणता गुडघा दुखतो आणि कधीपासून, हे पत्रात कुठेही नाही.

दुसरी गोष्ट त्या ईमेलची. स्पष्टच सांगतो, हे योग्य नाही, आणि त्याने तिचे नुकसान होण्याचीच शक्यता अधिक आहे. पालकाने लिहिलेले पत्र अनुभवी प्रशिक्षकाला सहज ओळखू येते, आणि त्याला तर पुढची चार वर्षे जिच्याबरोबर काम करायचे आहे त्या मुलीशी बोलायचे असते. दहावीनंतरच्या 15 जूनपासून डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना खेळाडूंशी स्वतःहून संपर्क साधता येतो. ती तारीख उलटूनही फक्त कॅम्पची निमंत्रणे येत असतील, तर त्यांना होकार समजू नका. अशी निमंत्रणे सरसकट पाठवली जातात आणि कॅम्पची फी भरावी लागते.

आता शिष्यवृत्तीविषयीच्या गैरसमजाकडे वळतो, कारण तुमची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. डिव्हिजन वनमधील महिला सॉकर संघाला दीर्घकाळ 14 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतक्याच रकमेची मर्यादा होती, आणि ती रक्कम पंचवीस-तीस खेळाडूंमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाटली जाई. पूर्ण शिष्यवृत्ती थोड्याच जणींच्या वाट्याला येत असे. 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांपुरती ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात 28 खेळाडूंची मर्यादा आली. म्हणजे नियमाने आता अठ्ठावीसही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते; परंतु त्याच तडजोडीने खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभाही दिली असून त्या पैशाचा मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, तेव्हा महिला सॉकरच्या तिजोरीत किती उरेल हे प्रत्येक कॉलेजागणिक वेगळे असणार. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणी यादीमुळे, प्रशिक्षकाला दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षे खेळून तयार झालेली स्ट्रायकर मिळत असेल, तर शाळेतून येणाऱ्या मुलीची जागा आणखी आक्रसते. प्रिन्स्टन विद्यापीठ तुमच्या जवळच आहे, पण ते ज्या आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटात आहे, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही.

तेवीस गोल कौतुकाचेच आहेत. मात्र डिव्हिजन वनच्या संघात येणाऱ्या बहुतेक मुली आपापल्या क्लबमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याच असतात, आणि त्यांतल्या काहींना प्रशिक्षक विंगवर किंवा थेट बचावात नेतात. कॉलेजच्या नियमांत बदली खेळाडूंना मोकळीक असल्याने आघाडीची फळी सतत फिरती राहते, आणि नवी स्ट्रायकर पहिल्या वर्षी सामन्याची दहा-पंधरा मिनिटेच खेळते, असेही घडते. तुमच्या शेजारच्या रटगर्स विद्यापीठासाठी 50 गोल करणारी आणि 2015 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेसाठी तीन गोल मारणारी कार्ली लॉइड तर मिडफिल्डर म्हणूनच ओळखली गेली.

व्यावसायिक सॉकरविषयी थोडक्यात. अमेरिकेची स्ट्रायकर सोफिया स्मिथ स्टॅनफर्डचा अभ्यासक्रम अर्धवट सोडून 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लबांनी कॉलेजच्या खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या फेरीत, पहिली निवडली गेली. तिची राष्ट्रीय संघातली सहकारी ट्रिनिटी रॉडमन कॉलेजचा एकही सामना न खेळता व्यावसायिक झाली. आणि 2024 मध्ये एनडब्ल्यूएसएल या महिलांच्या व्यावसायिक लीगने ड्राफ्टच बंद केला. त्यामुळे कॉलेजातून लीगकडे जाणारी जुनी ठरलेली वाट आता उरलेली नाही. अव्वल दर्जाच्या मुलींना व्यावसायिक क्लब विशीच्या आतच गाठतात, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तसे काही झाल्याचे पत्रात दिसत नाही.

डिव्हिजन थ्रीचा तिचा विचार मला तुमच्या योजनेपेक्षा अधिक पक्का वाटतो. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते हे खरे. परंतु गुणवत्तेवर आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित मदत मिळते, आणि चांगले गुण असलेल्या मुलीला ती डिव्हिजन वनच्या एखाद्या तुटपुंज्या तुकड्याहून जास्त ठरू शकते. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र असते. तुमचा हिशेब तेथे करा, तेथे तो उपयोगी पडेल. या गटातला खेळही लुटुपुटूचा नाही, आणि तुमच्याच राज्यातल्या द कॉलेज ऑफ न्यू जर्सीने त्यात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेली आहेत. राहिले ते 40 हजार डॉलर. त्यांच्या बदल्यात ती आठ वर्षे मनसोक्त खेळली. ती रक्कम तिच्यावरचे कर्ज नाही आणि तिने ती फेडावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तेव्हा तिची समजूत घालण्याचा बेत सोडा. आधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि ते सांगेपर्यंत कोणत्याही शोकेसला, म्हणजे कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू पाहायला येतात त्या स्पर्धेला, तिला उतरवू नका. त्यानंतर तिने निवडलेल्या कॉलेजच्या प्रशिक्षकांना तिलाच लिहू द्या. ती दाखल होईल त्या वर्षी संघातल्या किती आघाडीच्या खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत, हा प्रश्नही तिनेच विचारावा. तिच्या नावाने उघडलेल्या त्या ईमेल खात्याचा पासवर्ड आजच तिच्या हवाली करा आणि तो तिला बदलू द्या.