जुन्या डिस्क, नवा कन्सोल
प्रश्न: माझ्याकडे पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेमिंग कन्सोल) च्या बऱ्याच डिस्क पडून आहेत, आता पीएस५ घेतला तर त्यात चालतील का?

उत्तर: नाही हो. पीएस४ चे जवळपास सगळे गेम पीएस५ वर चालतात, पण पीएस३ मध्ये सेल नावाचा एकदम वेगळाच प्रोसेसर होता आणि त्याची सॉफ्टवेअरने नक्कल करणं म्हणजे महाकटकट. गंमत बघा, २००६ च्या पहिल्या पीएस३ मध्ये जुने पीएस२ चे गेम चालावेत म्हणून पीएस२ ची चिपच बसवलेली होती, नंतरच्या मॉडेलमधून काढून टाकली! मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स यात बरा, जुन्या एक्सबॉक्स ३६० चे निवडक गेम घेतो, फक्त डिस्क टाकली तरी गेम डाउनलोडच होतो म्हणजे नेट लागतंच. तुमचा जुना पीएस३ चालू असेल तर विकू नका. आणि पीएस४ च्या डिस्क चालवायच्या असतील तर पीएस५ डिस्क ड्राइव्हवालाच बघा.