ग्रीसच्या बेटांसाठी एफडी मोडावी की कर्ज काढावे?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. मी 46 वर्षांचा, पत्नी 43, मुलगा 14. तो जूनमध्ये नववीत जाईल. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,90,000 रुपये. गृहकर्जाचा हप्ता 46,000, मुलाच्या क्लाससह घरखर्च 86,000, एसआयपी 26,000. अडीअडचणीसाठी 6 लाखांची एफडी आहे. मार्चमध्ये सुमारे 1,60,000 बोनस मिळतो. 15 ऑगस्टला जोडून अथेन्स, नाक्सोस आणि सांतोरिनी अशी 9 रात्रींची सहल करायची आहे. ट्रॅव्हल कंपनी तिघांचे 8,40,000 सांगते. 4 लाख एफडीतून आणि 4,40,000 वैयक्तिक कर्जातून (14 टक्के, 24 महिने) उभे करावेत का? पुढे दहावी आहे, म्हणून यंदाच जायचे आहे. पत्नीला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. पॅकेजमध्ये व्हिसापुरता विमा आहे. वेगळा घ्यावा लागेल का?

उत्तर : जरूर जा. पण ऑगस्टमध्ये नको, आणि असे पैसे उभे करून तर मुळीच नको.

आधी कर्ज. 4,40,000 वर 14 टक्क्यांनी 24 महिन्यांचा हप्ता सुमारे 21,100 येतो आणि एकूण व्याज जवळपास 67,000. आज महिन्याकाठी तुमच्या हातात 32,000 उरतात, ते दोन वर्षे 11,000 वर येतील. व्याज एक वेळ सोसता येईल. खरी अडचण एफडीची आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला 1,32,000 लागतात, म्हणजे 6 लाख साडेचार महिने पुरतात. त्यातले 4 लाख काढले आणि वर नवा हप्ता आला, तर उरलेले 2 लाख जेमतेम सव्वा महिना चालतील. गृहकर्ज डोक्यावर असताना एकाच वेळी आधार कमी करणे आणि देणे वाढवणे मला पटत नाही. शिवाय व्हिसासाठी बँकेचे स्टेटमेंट द्यावे लागते. त्यात अर्जाच्या तोंडावर एकरकमी 4,40,000 जमा झालेले दिसले, तर ते कुठून आले याचा खुलासा मागितला जाऊ शकतो.

पॅकेजवर टीसीएस, म्हणजे ट्रॅव्हल कंपनीने आगाऊ वसूल करायचा प्राप्तिकर, लागतो. 1 एप्रिल 2026 पासून तो सरसकट 2 टक्के आहे, म्हणजे तुमच्या पॅकेजवर 16,800. हा खर्च नव्हे, रिटर्नमध्ये वळता होतो. फक्त बिल ज्याच्या पॅनवर असेल त्यालाच. त्यासाठी निर्णय फिरवू नका.

आता ऑगस्ट. आपला 15 ऑगस्ट ग्रीसमध्येही सुट्टीचाच दिवस असतो. तो मरियमचा मोठा सण, आणि त्या आठवड्यात अर्धे अथेन्स गावी किंवा बेटांवर गेलेले असते. बोटी भरलेल्या, खोल्यांचे भाव शिगेला. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये या बेटांभोवतीच्या एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. तो वाढला की तटरक्षक दल बोटींना बंदर सोडू देत नाही. आधी लहान वेगवान बोटी थांबतात, मग मोठ्याही. आकाश निरभ्र असते, ऊन पडलेले असते, तरी बोट रद्द.

म्हणूनच तुमच्या पॅकेजचा शेवटचा दिवस मला सर्वांत महागात पडेल असा वाटतो : सकाळी सांतोरिनीहून वेगवान बोट, रात्री अथेन्सहून मुंबईचे विमान. पिरेअसची, म्हणजे अथेन्सच्या बंदराकडे जाणारी, बोट सुटली नाही तर विमान जाते आणि ऐनवेळी तिघांची नवी तिकिटे काढावी लागतात. त्यात लाख-दीड लाख सहज जातील. युरोपीय संघाच्या 1177/2010 या नियमानुसार बोट रद्द झाली किंवा 90 मिनिटांहून अधिक उशिरा सुटणार असली, तर पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या बोटीने जाणे यांतले एक तुम्ही निवडू शकता. राहण्याचा खर्चही, दर रात्री 80 युरोपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन रात्री, कंपनीने द्यायचा असतो. मात्र कारण हवामानाचे असेल तर तो मिळत नाही. आणि चुकलेल्या विमानाशी बोट कंपनीचा काही संबंध नाही. यावर उपाय एकच, परतीच्या आदल्या दोन रात्री अथेन्समध्ये.

माझी सूचना पुढच्या मेची. नववीची परीक्षा झालेली असेल, ऊन सोसण्यासारखे असेल आणि मेल्टेमीचा जोर सुरू व्हायचा असेल. पाणी पोहायला थोडे गार लागेल, एवढे चालवून घ्या. 1 मे टाळा. कामगार दिनी बोटी बंद राहण्याची शक्यता मोठी असते. क्रमही उलटा करा : अथेन्स 1 रात्र, मग थेट सांतोरिनी 3, परतताना नाक्सोस 3, शेवटी अथेन्स 2. लांबचे बेट आधी उरकले की परतीचा टप्पा लहान होतो. नाक्सोसहून पिरेअसला मोठ्या बोटी साधारण साडेपाच तासांत पोहोचतात आणि त्या वेगवान बोटींपेक्षा वाऱ्यात जास्त तग धरतात.

स्वतः बुकिंग केलेत तर अंदाज असा, युरो 110 रुपये धरून : मुंबई-अथेन्स विमान तिघांचे 1,65,000. व्हिसा फी माणशी 90 युरो (मुलगा 12 च्या वर असल्याने त्याचीही पूर्ण), व्हिसा केंद्राच्या शुल्कासह 36,000. चांगला विमा 12,000. तिघांची खोली अथेन्समध्ये 120, नाक्सोसला 90, सांतोरिनीला 180 युरो धरली तर 9 रात्रींचे 1,28,700. यात एक गोष्ट बहुतेकांच्या हिशेबातून सुटते : हॉटेलात वेगळा द्यावा लागणारा हवामान कर. एप्रिल ते ऑक्टोबर तो तीन तारांकित हॉटेलात खोलीमागे रोज 5 युरो असतो, चार तारांकितला 10 आणि पंचतारांकितला 15. तुमचे 45 युरो, म्हणजे 4,950. बोटींचे तीन टप्पे 49,500. खाणे रोज 75 युरोप्रमाणे दहा दिवसांचे 82,500. बस, मेट्रो, तिकिटे 33,000. अॅक्रोपोलिसचे एकट्याचे पूर्ण तिकीटच 30 युरो आहे. एकूण सुमारे 5,12,000. वर 50,000 राखीव.

शाकाहारी असाल तर खाण्याची फार चिंता नको. सांतोरिनीची पिवळ्या डाळीची फावा, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे आणि भात भरून भाजलेले टोमॅटो-मिरच्या साध्या खाणावळीतही मिळतात.

पैसे असे जमतील : या मेपासून ऑक्टोबरपर्यंत दरमहा 30,000 ची सहा महिन्यांची आरडी. नोव्हेंबरमध्ये 1,80,000 हातात येतील, त्यातून विमानाची तिकिटे काढा. नोव्हेंबर ते एप्रिल दरमहा 30,000 हवे तेव्हा काढता येतील अशा लिक्विड फंडात, कारण व्हिसाची फी फेब्रुवारीतच लागेल. मार्चचा बोनस हॉटेल आणि बोटींसाठी. झाले 5,20,000. राखीव 50,000 एफडीतच राहू द्या. गरज पडली तरच तेवढे काढा. एसआयपीला हात लावू नका. हॉटेले मात्र उशिरापर्यंत विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी गर्दीमुळे तारखा मिळत नाहीत.

विम्याच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर : वेगळा घ्या. व्हिसाला 30,000 युरोचे संरक्षण पुरते. बेटावरच्या गंभीर आजाराला ते पुरेल याची खात्री नाही. नाक्सोस आणि सांतोरिनी दोन्हीकडे सरकारी रुग्णालय आहे, पण हृदयाचे किंवा डोक्याचे काही गंभीर झाले तर रुग्णाला हवाईमार्गे अथेन्सला हलवतात, आणि तिथून भारतात परत आणायचे तर खर्च आणखी वाढतो. किमान 1 लाख डॉलरची पॉलिसी पाहा. प्रस्तावात मधुमेह आणि इन्सुलिन लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेत तर सर्वांत मोठा दावाच नाकारला जाईल. मग पॉलिसीतली तीन कलमे वाचा : आधीपासूनच्या आजारासाठी वेगळी मर्यादा आहे का (अनेक पॉलिसी फक्त जिवावरच्या प्रसंगात आणि ठरावीक रकमेपर्यंतच देतात), हुकलेल्या पुढच्या प्रवासात बोट धरली आहे की फक्त विमान, आणि भूकंप किंवा वणव्यामुळे बेट रिकामे करावे लागले तर काय मिळते.

शेवटचे कलम हौसेने सांगत नाही. 2025 च्या जानेवारी अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत सांतोरिनी आणि आमोर्गोस या बेटांच्या दरम्यान हजारो धक्के बसले. सर्वांत मोठा 5.3 तीव्रतेचा होता आणि 11,000 हून अधिक लोकांनी सांतोरिनी सोडले. जुलै 2023 मध्ये रोड्स या ग्रीक बेटावर वणव्यामुळे सुमारे 19,000 लोकांना हलवावे लागले. अशा वेळी त्या परिसरातल्या प्रत्येक फोनवर 112 कडून ग्रीक आणि इंग्रजीत इशारा येतो. म्हणून फोनमधले आपत्कालीन इशारे चालू ठेवा. किनाऱ्यावर असताना जोराचा, लांबलेला धक्का जाणवला तर इशाऱ्याची वाट न पाहता चढावर जा. मदतीसाठीही 112 लागतो. रुग्णवाहिका 166, तटरक्षक 108.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. लागणाऱ्याच्या दुप्पट घ्या आणि दोन बॅगांत विभागा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचे मूळ नाव आणि मात्रा इंग्रजीत हवी. सांतोरिनीला जाणाऱ्या बोटीच्या आठ तासांसाठी थंड पिशवी, ग्लुकोमीटर आणि साखरेच्या गोळ्या जवळ. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. नंतर कळवले की कॅशलेस बहुधा हुकते.

सांतोरिनीवर पर्यटक सर्वाधिक जखमी होतात ते चारचाकी बाइकवरून, असे मी आकड्यांनिशी म्हणणार नाही, पण विम्याच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट वस्तू आहे. भारतीय परवान्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो (फी 1,000 रुपये, एक वर्ष वैध). वाहनाचा वर्ग जुळला नाही किंवा दारू प्यायलेली असली, तर दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळते. सांतोरिनीचे मुख्य गाव फिरा, तिथून सगळीकडे बस जाते, तीच घ्या. फिरा ते ईया गाव ही कड्यावरची पायवाट सुमारे 10 किलोमीटरची आहे आणि तिच्यावर सावली नाही. जायचेच तर सकाळी सातच्या आत निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि पत्नीची साखर मोजूनच. लाल किनाऱ्यावर दरड कोसळण्याचे फलक आहेत. फोटो लांबूनच काढा.

कार्डांचे थोडक्यात. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार स्वतः चालू करावे लागतात. युरो भरलेले फॉरेक्स कार्ड मुख्य, एक क्रेडिट कार्ड राखीव, दोन्ही वेगळ्या खिशांत, आणि 300 युरो रोख. साध्या क्रेडिट कार्डावर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो. मशीनने रुपयांत पैसे घ्यायचे का विचारले की नाही म्हणा. त्यातला दर तुमच्या तोट्याचाच असतो. ओटीपीसाठी भारतीय सिमचे रोमिंग चालू राहू द्या.

ट्रॅव्हल कंपनीला टोकन दिले असेल तर ते किती परत मिळेल आणि तारीख पुढे ढकलता येते का, हे या आठवड्यात लेखी विचारा. विमानाची तिकिटे काढण्याआधी क्लासवाल्यांना दहावीची व्हेकेशन बॅच कधी सुरू होते तेही विचारून घ्या. काही ठिकाणी ती एप्रिलमध्येच सुरू होते.